बकूआत्याची वारस नोंद

"फोटो कुठला टाकू?" मी विचारलं.

"फोटो कुठनं आणायचा? फेसबुकवर त्यांचा अडकित्ता आहे, तोच मोठा करून टाका," सर्जेराव ढवळे म्हणाले. "खाली लिहा, स्पष्टवक्त्या, मायाळू, हिंगणवडीच्या माउली."

"मायाळू काढा," शेजारी बसलेले लाड मास्तर म्हणाले. "माझी कविता वाचून त्यांनी लिहिलं होतं, मास्तर, ही गोठ्यात वाचू नका, म्हैस आटेल."

"मास्तर, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"वाईट कुठं बोलतोय? मी कविता पुन्हा वाचून बघितली. आटलीच असती. म्हणून म्हणतो, स्पष्टवक्त्या एवढं पुरे."

मी 'मायाळू' खोडलं. कॉम्प्युटरवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी ठसठशीत अक्षरं होती, त्याखाली पितळी अडकित्ता आणि त्याखाली 'कै. बकूआत्या'. माझ्या छापखान्यात बारशाच्या पत्रिकांपासून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सपर्यंत सगळं होतं, पण त्या दिवशी माझे हात काही केल्या चालेनात. कारण बकूआत्या म्हणजे मीच होतो.

"अजून एक ओळ," सर्जेराव म्हणाले. "शोकाकुल, भाचा सर्जेराव ढवळे."

"भाचा?" मी वळून बघितलं.

"आमच्या दादांची चुलत बहीण ती. लांबची होती, पण जीव लई." सर्जेरावांनी रुमालानं डोळे पुसले. डोळे कोरडेच होते.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, लग्न झालं नव्हतं आणि एसटी स्टँडजवळ माझा छापखाना होता. गावाचा फेसबुकवर 'आपली हिंगणवडी' नावाचा ग्रुप होता, तीन हजार माणसांचा. त्यात एकदा मी माझ्या नावानं लिहिलं, की स्टँडसमोरचा गतिरोधक फार उंच झालाय, गाड्या खालून घासतात. दोन लाइक आले. त्यातला एक माझाच होता.

दुसऱ्या दिवशी मी 'बकूआत्या' नावाचं खातं काढलं, अडकित्त्याचा फोटो लावला आणि लिहिलं: "त्या गतिरोधकावर रिक्षा आदळून माझा सुपारीचा डबा सांडला. ज्यानं तो बांधला, त्याच्या बायकोचे दिवस भरले की तिला ह्याच रस्त्यानं दवाखान्यात न्या." साडेतीनशे लाइक आले आणि आठ दिवसांत गतिरोधक खाली आला. तिथून पुढं माझं माझ्यावर नियंत्रण राहिलं नाही.

बकूआत्याला सगळं गाव मानायला लागलं. बायका तिला खाजगीत लिहायच्या. सासूचं, जावेचं, नोकरीचं, नवऱ्याच्या पिण्याचं. मी त्यांचं कधी कुणाला सांगितलं नाही आणि उत्तरं विचार करून द्यायचो. माझे सल्ले फारसे चुकीचे नव्हते. एक सोडून.

माझ्या छापखान्यासमोर रक्ततपासणीची लॅब होती आणि तिथं नंदिनी माळवदे काम करायची. ती मला आवडायची. हे तिला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी वरचेवर हिमोग्लोबिन तपासून घ्यायचो. त्याच नंदिनीनं एकदा आत्याला लिहिलं: "पुण्याचं स्थळ आलंय. हेरंब नाव आहे. बोलायला बरा वाटला. पण आईनं केलेल्या पोह्यांची बशी त्यानं दोन चमचे खाऊन बाजूला ठेवली. आईला फार लागलं. होकार देऊ का?"

मी लिहिलं: "जो भरली बशी बाजूला सारतो, तो एक दिवस माणूसही बाजूला सारतो. नकार दे." तिनं नकार दिला. मी पाव किलो पेढे आणले आणि एकट्यानं खाल्ले.

पुढं दोन महिन्यांनी भाऊसाहेबांची मोहीम निघाली.

भाऊसाहेब जगदाळे म्हणजे निवृत्त तलाठी. चौतीस वर्षं सातबारे लिहिलेले, आणि निवृत्तीनंतर ग्रुपचे ॲडमिन. त्या महिन्यात 'सत्यवादी' नावाच्या खात्यावरून कुणीतरी पसरवलं, की पाण्याच्या टाकीत मेलेला साप आहे. गाव दोन दिवस पाण्यावाचून राहिलं. टाकी उपसली तर साप नव्हता, आणि चौकशी केली तर 'सत्यवादी' ज्याच्या नंबरवर होता तो माणूस वारून चार वर्षं झालेली. भाऊसाहेब संतापले.

"जमिनीचा तुकडा घेताना आपण उतारा बघतो," ते ग्रुपवर म्हणाले, "आणि इथं कोण बोलतंय हे न बघता पाणी प्यायचं सोडतो?"

त्यांनी प्रत्येक खात्याचा उतारा काढायला घेतला. रकाने चार. खातेदाराचं नाव. प्रत्यक्ष वहिवाट कुणाची, म्हणजे खातं खरं वापरतंय कोण. आधीची नावं काय होती. आणि शेवटचा, 'इतर हक्क', म्हणजे तिथं जे लिहिलं जातं त्यात लिहिणाऱ्याचा स्वतःचा काही मतलब आहे का. हे उतारे ते हातानं लिहून वाचनालयाच्या फळ्यावर डकवायचे आणि हरकतींना पंधरा दिवस द्यायचे. जसं आयुष्यभर केलं तसंच.

वाचनालयात इतकी गर्दी स्थापनेपासून कधी झाली नव्हती. सरपंचांच्या खात्याची वहिवाट त्यांच्या मेहुण्याकडे निघाली. 'वीर मावळा' या खात्याचं जुनं नाव 'एंजल प्रिया' निघालं आणि तो मावळा दोन आठवडे बाजारात फिरकला नाही. एका बाईनं लेखी हरकत घेतली, की नवऱ्याच्या नावचं खातं सहा वर्षं माझ्या वहिवाटीत आहे, ते फक्त क्रिकेट बघायला येतात, सबब माझं नाव लावावं. भाऊसाहेबांनी लावलं.

मग एके दुपारी बकूआत्याला नोटीस आली: "ओळखपत्र घेऊन समक्ष हजर राहावे."

माझी पाचावर धारण बसली. गावापेक्षा नंदिनीचा विचार मनात आला. तिला कळलं असतं की तिचं लग्न मोडणारी म्हातारी समोरच्या छापखान्यात बसते आणि पेढे खाते. मी घाईघाईत आत्याच्या सुनेचं सोंग घेऊन लिहिलं: "आमच्या सासूबाई बकूआत्या काल अल्पशा आजारानं गेल्या." वाटलं, संपलं एकदाचं.

त्यावर सहाशे लोकांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, शोकसभा ठरली आणि फ्लेक्सची ऑर्डर माझ्याकडेच आली.

सर्जेराव आणि मास्तर गेल्यावर नंदिनी आत आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं कॉम्प्युटरवरच्या अडकित्त्याला हात जोडले.

"मी त्यांना एकदा तरी भेटायला हवं होतं, मुकुंददादा," ती म्हणाली. "माझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय त्यांनी घेतला."

तो 'दादा' मला नेहमीच टोचायचा. त्या दिवशी त्यापुढचं वाक्य जास्त टोचलं.

शोकसभा रडारडीत पार पडली. दुसऱ्या दिवशी सर्जेराव पुन्हा आले, वंशावळ टाईप करून घ्यायला. त्यांनी सांगितलं तसं मी आजोबांच्या भावाच्या खाली 'बकुळा' असं लिहिलं. स्वतःला दुसऱ्याच्या घराण्यात जन्माला घालणं हा विचित्र अनुभव असतो.

"हे कशाला हो?" मी विचारलं.

"वारस नोंद. भाऊसाहेब म्हणाले, खातेदार वारला की वारसाचं नाव लागलं पाहिजे. ती सून काही पुढं आली नाही, म्हणून मी. एकदा नाव लागलं की 'बकूआत्या, वारस सर्जेराव' असं नवीन खातं काढतो."

"पण तुम्ही लिहिणार काय?"

"मी कशाला लिहितोय? बायका लिहितील की." सर्जेराव खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. माझं वधू-वर सूचक मंडळ आहे. कुणाच्या घरात काय चाललंय हे आम्हाला कुणी सांगत नाही. आत्याला सगळ्या सांगायच्या. आता भाच्याला सांगतील."

मला एकदम त्या सगळ्या बायका आठवल्या. एकीनं माहेरी निघून जायचं ठरवलेलं, एकीला मूल नको होतं, एकीचा पगार सासरच्यांपासून लपवलेला. त्या विश्वासानं लिहिणार आणि सर्जेराव ते चहाबरोबर गावभर वाटणार. हे मी होऊ देणं शक्य नव्हतं. आणि थांबवायचं तर एकच माणूस हरकत घेऊ शकत होता. मेलेली बाई.

रविवारी सकाळी वाचनालयात सुनावणी होती. भाऊसाहेब टेबलामागे जाड वही उघडून बसले होते. हॉल भरला होता. नंदिनी तिसऱ्या रांगेत होती. सर्जेरावांनी वंशावळ सादर केली आणि साक्षीला पारूबाईंना उभं केलं. पारूबाई ऐंशीच्या घरातल्या.

"तुम्ही मयत बकूआत्यांना ओळखत होता?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हंजे काय? एका पाटीवर शिकलो आमी. तिच्या लग्नात जेवलीय मी. बुंदी हुती."

सभागृह हळहळलं. सर्जेरावांनी रुमाल काढला.

"नोंद धरण्यापूर्वी विचारतो," भाऊसाहेब म्हणाले. "कुणाची हरकत आहे?"

माझा हात वर गेला.

"बोला."

"बकूआत्या जिवंत आहेत."

एकच गलका झाला. भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "कुठं आहेत?"

"इथंच. मीच बकूआत्या."

हॉल हसायला लागला. लाड मास्तर तर खोकला येईपर्यंत हसले. सर्जेराव उठून म्हणाले, "बघा भाऊसाहेब, एवढी माणसं जमली की दुसरा वारस निघतोच. हा टायपिंगवाला. वंशावळ टाईप करता करता ह्याला हाव सुटली."

"शांतता!" भाऊसाहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. "शेटे, वहिवाटीचा पुरावा काय?"

मी फोन काढला. लिहिलं आणि पाठवलं. क्षणभरात हॉलमधले दीडदोनशे फोन एकामागोमाग वाजले. मेलेल्या बकूआत्यानं ग्रुपवर लिहिलं होतं: "मास्तर, कविता अजूनही वाईटच आहे. पण शोकसभेत तुम्ही एकटेच खरं रडलात, ते मी बघितलं."

मास्तरांनी फोन नाकाजवळ नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते ताडकन उभे राहिले. "आत्याच! भाऊसाहेब, ही आत्याच आहे!"

"मेल्या," पारूबाई माझ्यावर कडाडल्या, "मग मी बुंदी कुणाच्या लग्नात खाल्ली?"

सर्जेराव रुमाल खिशात घालून मागच्या दारानं निघाले. भाऊसाहेबांनी हाक मारून त्यांना वंशावळ परत घेऊन जायला सांगितलं. एवढं झाल्यावर लोकांनी मला मारावं, अशी माझी अपेक्षा होती. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. आत्या परत मिळाली याचाच त्यांना आनंद झाला होता. भाऊसाहेब वहीत लिहू लागले.

"मृत्यूची नोंद रद्द. वहिवाट, मुकुंद शेटे. आधीची नावं, नाहीत." त्यांनी पेन थांबवलं. "इतर हक्क?"

"निरंक लिहा, निरंक!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. नंदिनी हसत होती. तीन वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. नुसतं गप्प बसलो असतो तरी भाऊसाहेबांनी 'निरंक' लिहिलं असतं. मला गप्प बसायचं होतं, अगदी मनापासून. पण एवढी माणसं माझ्यावर विश्वास ठेवून बसली होती, आणि त्यातली एक कशावर विश्वास ठेवतेय हे तिलाच माहीत नव्हतं.

"निरंक नाही," मी म्हणालो. "एका ठिकाणी मी सल्ला दिला, त्यात माझा स्वतःचा मतलब होता."

भाऊसाहेबांनी पेन पुन्हा उचललं.

"कुठल्या ठिकाणी?"

"ते इथं सांगणार नाही, भाऊसाहेब. ज्यांना दिला त्यांना स्वतः सांगेन. पण रकाना कोरा ठेवू नका."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मोठ्यानं वाचत लिहिलं, "इतर हक्क, आहे. तपशील संबंधितास समक्ष."

बाहेर फळ्याजवळ नंदिनीनं मला गाठलं. तिचं हसू गेलं होतं.

"ते ठिकाण म्हणजे मी का?"

"हो."

"पोह्यांचं?"

"हो."

"म्हणजे तो मुलगा आत्यांना नको होता की तुम्हाला?"

"मला."

"का?"

"मी तीन वर्षांत अकरा वेळा हिमोग्लोबिन तपासलं," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. "मला वाटलं, तुम्हाला अशक्तपणा आहे."

मी फळ्यावरचा 'वीर मावळा'चा उतारा वाचायला लागलो.

"मी आईशी भांडले," ती हळू आवाजात म्हणाली. "ती म्हणत होती, मुलगा चांगला आहे, एक बशी काय घेऊन बसलीस. मी म्हटलं, आत्या सांगतात म्हणजे विचार करूनच सांगत असतील. तो कसा आहे हे मला बघायचं होतं. तुम्ही बघू दिलं नाहीत."

"चुकलो."

"चुकलातच." तिनं पर्समधून फोन काढला. "त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे." आणि ती रस्ता ओलांडून गेली. मी तिथंच उभा राहिलो, कारण छापखाना त्याच बाजूला होता.

पुढचे तीन आठवडे आत्याला एकही खाजगी मेसेज आला नाही. वहिवाट माझी आहे हे आता नावाखालीच लिहिलेलं होतं. मला वाटलं, हेही गेलं. मग एका बाईंनी लिहिलं, "मुकुंद, ह्यात तुझा काही मतलब नसेल तर सांग," आणि खाली आपली सगळी अडचण मांडली. मग दुसऱ्या बाईंनी लिहिलं. आजही प्रत्येक पत्राची सुरुवात तशीच होते. मीही आधी तेवढं सांगतो आणि मग बोलतो.

चौथ्या आठवड्यात नंदिनी छापखान्यात आली आणि हातानं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. लग्नपत्रिकेचा मजकूर होता. वराच्या जागी हेरंबचं नाव होतं.

"शेंगदाण्यानं त्याचा घसा सुजतो," ती म्हणाली. "लहानपणी एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आईनं पोह्यांत मूठभर घातले होते. परक्या घरात नको कसं म्हणायचं, म्हणून दोन चमचे खाल्ले बिचाऱ्यानं. जाताना गाडीत औषध घेतलं."

"त्यानं तेव्हाच सांगायचं होतं."

"तुम्हीही सांगायचं होतं," ती म्हणाली.

मी कागद उचलला.

"जो भरली बशी बाजूला सारतो, तो एक दिवस माणूसही बाजूला सारतो," ती म्हणाली. "इतकं छान वाक्य होतं हो ते. म्हणून जास्त राग येतो."

पत्रिकेचं प्रूफ मी चार वेळा वाचलं. एकही चूक राहू द्यायची नाही असं ठरवलं होतं आणि राहिली नाही. लग्नालाही गेलो. न जाण्याची दहा कारणं तयार होती, पण गावात सगळ्यांना उतारा माहीत झाल्यावर कारणं चालत नाहीत.

स्टेजवर आहेर द्यायची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा नंदिनीनं हेरंबच्या कानात काहीतरी सांगितलं. तो फेटा सावरत पुढं आला. उंच, गोरा, जरा लाजरा. माझ्यापुढं येऊन थेट वाकला आणि त्यानं माझे पाय धरले.

"आत्या, नमस्कार करतो," तो म्हणाला.

पहिल्या रांगेतले लाड मास्तर हसायला लागले आणि मग सगळं कार्यालय हसलं. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. हा माणूस मला आवडला होता आणि तेच मला सहन होत नव्हतं. तो खाली वाकलेलाच राहिला. आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठायचं नाही असं त्याला घरी शिकवलेलं असावं. रांगेतली माणसं खोळंबली.

"सुखी राहा," मी शेवटी म्हणालो.

नंदिनी माझ्याजवळ सरकली. "मनापासून?" तिनं विचारलं.

"निम्मं," मी म्हणालो. "बाकीचं आत्ता नाही जमत."

ती हसली नाही. मान हलवून म्हणाली, "चालेल. सवडीनं द्या."

दीड वर्षानं, त्यांच्या मुलीच्या बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ वाचताना, उरलेलं निम्मंही कधीतरी देऊन झालंय असं माझ्या लक्षात आलं. मी लगेच नंदिनीला फोन केला आणि तसं सांगून टाकलं.